आपल्या शब्दांत

लाडू घ्यायला दावू दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं ओंजळ धरली. सुभद्रेचा हात लाडवासकट मधेच थांबला. पोरगं समोर उभं होतं. कोपरं अंगाशी घट्ट, तळवे जोडून खाली धरलेले, मान जराशी मागं, आपला श्वास देणाऱ्याच्या हाताला लागू नये अशी. "घे ना," ती म्हणाली. "टाक ना," तो म्हणाला. वरून लाडू पडेल म्हणून तो अगदी निवांतपणे वाट पाहत होता. सुभद्रेनं लाडू टाकला नाही. पुढं होऊन तिनं त्याचं मनगट धरलं, लाडू तळव्यावर ठेवला आणि वरून त्याची बोटं मिटवली. "असं घ्यायला कुणी शिकवलं?" "कुणी नाही," दावू म्हणाला आणि खायला लागला. सहा वर्षांच्या मुलाचं तोंड लाडवानं भरलं की त्यातून काही निघत नाही. पण पाटीवर गणित करत बसलेल्या शांतीनं मान वर केली होती आणि आईची नजर तिकडं वळताच चटकन खाली घातली होती. शांती नऊ वर्षांची, समजूतदार. समजूतदार मुलं खाली पाहतात तेव्हा नुसतं गणित करत नसतात. मुलांना दात येतात, गोवर येतो, अशी ओंजळ आपोआप येत नाही.

ती ओंजळ सुभद्रेच्या ओळखीची होती. लहानपणी पारोसं असताना सोवळ्यातल्या बायकांकडून तिनं अशीच खिरापत घेतली होती. पुढं सासरीही, आंघोळ व्हायच्या आत भूक लागली की सासूबाई हातभर अंतरावरून पोळी सोडायच्या आणि ती झेलायची. नेम चुकला तर पोळी जमिनीवर. ख्रिस्ती झाल्यावर नव्या गोष्टी पुष्कळ अंगवळणी पडायच्या होत्या, पण तिला सगळ्यात नवल वाटलं ते मिशनच्या देवळात प्रभुभोजनाच्या वेळी शेजारच्या अनोळखी बाईनं भाकरीचा तुकडा हातात हात लावून दिला त्याचं. त्या दिवशी घरी येऊन ती आपल्या बोटांकडं बघत बसली होती. तेव्हापासून या घरात कुणाला काही द्यायचं ते हातात, बोटाला बोट लावून, हा तिनं घातलेला दंडक होता. गिरगावातल्या या चाळीच्या दोन खोल्यांत तिनं दुसरं फारसं काही जमवलं नसेल, पण हे जमवलं होतं. आणि आज तिचाच मुलगा तिच्यापुढं विटाळ सांभाळून उभा राहिला होता. कुणीतरी त्याला लांबून देत होतं, आणि एकदाच नव्हे, चांगली सवय लागेपर्यंत.

संध्याकाळी दिवा लागल्यावर चटई अंथरली. ही चटईही सुभद्रेचीच व्यवस्था. गंगाधर मिशनच्या शाळेत शिकवत. पवित्र शास्त्रातला उतारा ते वाचत आणि शेवटची प्रार्थना ते म्हणत, पण मधली जागा मुलांची. रोज प्रत्येकानं आपल्या शब्दांत देवाशी बोलायचं, आधी धाकट्यानं. पाठ केलेलं वेगळं, हे वेगळं. तिनं स्वतः बाराव्या वर्षापर्यंत तोंडाला फेस येईतो संस्कृत स्तोत्रं म्हटली होती आणि त्यातलं अक्षर तिला कळलं नव्हतं. देव म्हणजे कुणीतरी परक्या भाषेचा साहेब आणि आपण त्याच्या कचेरीबाहेर उभ्या, असंच तिला वाटायचं. आपल्या मुलांचं तसं होऊ द्यायचं नाही. त्यांनी देवापाशी चिंचेबद्दल बोलावं, पावकीच्या पाढ्याबद्दल बोलावं, भांडणाची तक्रार करावी. चाळीतल्या इतर बायका म्हणत, सुभद्राबाई, तुमची पोरं किती मोकळी बोलतात हो देवाशी. तिला त्याचा अभिमान होता, आणि अभिमान हे पाप आहे हेही ठाऊक होतं, तरी होता. दावूनं डोळे गच्च मिटले. "देवा, आईला बरं ठेव, बाबांना बरं ठेव. ताईला बरं ठेव, पण तिनं माझी पेन्सिल परत द्यावी. भांडी घासायला येते त्या मालनच्या बोकडाला कुणी कापू नये. आणि आजीचा पाय बरा कर. आमेन."

"आमेन," गंगाधर म्हणाले. फार लवकर म्हणाले. सुभद्रेनं डोळे उघडले. नवरा डोळे मिटून बसला होता, शांत, आणि मांजरही डोळे मिटूनच दूध पितं. या मुलांना आजी नव्हती. सुभद्रेची आई केव्हाच गेली होती. गंगाधरांची आई होती, पण ती लांब राहते असं मुलांना सांगितलेलं. लांब म्हणजे दोन गल्ल्या पलीकडं, नारळाच्या वाडीत. गिरगावात एवढं अंतर विलायतेइतकं होऊ शकतं. इतक्या वर्षांत ते कुणी ओलांडलं नव्हतं. मग त्या आजीचा पाय दुखतो हे दावूला कसं कळलं? शांतीनं आपली प्रार्थना दोन वाक्यांत उरकली. शेवटी गंगाधरांनी घसा खाकरून सुरुवात केली आणि रोगी, दुःखी, प्रवासी यांच्यामागून 'सर्व वृद्ध जनांसाठी' विनंती केली. लग्न होऊन इतका काळ लोटला, आजवर वृद्ध जनांची त्यांना आठवण झाली नव्हती. सुभद्रेनं काही विचारलं नाही. विचारलं की माणसं सावध होतात. तिनं चटई गुंडाळली आणि पानं घेतली, आणि भात वाढताना नवऱ्याच्या तोंडाकडं असं पाहिलं की ते म्हणाले, "काय गं? मीठ राहिलं का?"

नाही, मीठ राहिलं नव्हतं. राहिला होता तो घडा. गंगाधरांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि सासरी होती. बातमी आली त्या संध्याकाळी सासरे अप्पा पंचांग काढून बसले. पुढं मुहूर्त पाहून त्यांनी मुलाचं जिवंतपणी श्राद्ध घातलं. परसात दक्षिणेला तोंड करून पाण्यानं भरलेला घडा ठेवला आणि घरच्या कुणबिणीनं तो डाव्या पायानं लवंडला. पाणी तुळशीपर्यंत गेलं. सगळ्यांनी आंघोळी केल्या. सुभद्रा खांबाला धरून पाहत होती. तिला एवढंच कळलं होतं की आता ते मेले, आणि इथून दोन गल्ल्यांवर मिशनच्या घरात ते जेवत असतील. मग मी कोण? हा प्रश्न इतरांनाही पडला होता. माजघरात बायका कुजबुजत. कुंकू ठेवायचं की पुसायचं, न्हावी बोलवायचा की नाही. हे दोन वर्षं चाललं. एका दुपारी अप्पा बाहेर गेले असता सासूबाईंनी मागचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "जा त्याच्याकडं." ना ओटी, ना डोळ्यांत पाणी. सुभद्रा अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. त्या दुपारचा अर्थ तिनं निरनिराळ्या वेळी निरनिराळा लावला होता. सुनेची ब्याद घरातून घालवली, हा एक अर्थ. मुलाला रांधून घालायला कुणीतरी हवं म्हणून पाठवली, हा दुसरा. तिसराही एक लागण्यासारखा होता. तो तिनं कधी लावून पाहिला नाही. माहेर तुटलं, सासर तुटलं, नवरा सोडून जगात कुणी उरलं नाही, आणि त्या नवऱ्याच्या देवाला तिनं पहिली काही वर्षं नुसतं सोसलं. विश्वास मागाहून आला, शांतीच्या वेळच्या बाळंतपणात. पण आला तो असा पक्का आला की आता तिला भीती नवऱ्याचीच वाटायची. ते पुस्तकं वाचून ख्रिस्ती झाले होते. पुस्तकं वाचून झालेला माणूस आणखी पुस्तकं वाचून परतही होऊ शकतो. गेल्याच वर्षी कुणा एकानं प्रायश्चित्त घेतलं, शेंडी ठेवली, पंक्तीत बसला. बायको मिशनच्या आश्रमात, आणि मुलगा? मुलगा आजोबांकडं.

हे मनात आलं आणि सगळं जागच्या जागी बसलं. अप्पांना दुसरा मुलगा नव्हता. मागं पाणी द्यायला कुणी नव्हतं. दावू सहाचा, आठव्या वर्षी मुंज लागते. दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना तिनं त्याची मान पाहिली, काखा पाहिल्या, गळ्यात दोरा बांधल्याचा वळ आहे का ते पाहिलं, डोक्यावर मधेच केस लांब राखलेत का ते चाचपलं. "आई, गुदगुल्या होतात," दावू म्हणाला. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे काळजी घेतलेली दिसते. तिनं न्हाव्याला बोलावून त्याचे केस इतके बारीक केले की गंगाधर म्हणाले, "पोराला उवा झाल्या होत्या का?" "होतील म्हणून," ती म्हणाली.

आणि संध्याकाळी चटईवर ती म्हणाली, "दावू, देवाला मोघम सांगू नये. आज कुठं गेलो, कोण भेटलं, कोण काय म्हणालं, सगळं नीट सांगावं. त्याला आवडतं." दावूला बोलायला आवडायचंच. त्या दिवशी कळलं, आजी मागच्या दाराच्या पायरीवर बसते. दुसऱ्या दिवशी कळलं, पायाला पट्टी आहे आणि तिला हळदीचा वास येतो. मग कळलं, आजोबा देवळात पुराणाला गेले की जायचं. मुलांचे डोळे मिटलेले असत आणि सुभद्रेचे उघडे. पूर्वी ती त्यांच्या प्रार्थनेमागून आपणही मनात हो हो म्हणत असे. आता ती मनात टाचणं काढत होती. एकदा तिच्या लक्षात आलं की आमेन म्हणायचं राहून गेलं. पण वेळ अशी होती की आधी मुलगा वाचवायचा, प्रार्थना मग करता येईल. तिनं स्वतःला सांगितलं, देवच मला हे त्याच्या तोंडून कळवतो आहे. शांती मात्र दिवसेंदिवस आखडतं घेत होती. "देवा, सगळ्यांना बरं ठेव," एवढंच ती म्हणे, आणि म्हणताना पापण्यांच्या फटीतून आईकडं बघे. शुक्रवारी दावू म्हणाला, "देवा, मालन म्हणाली आईला सांगू नको. म्हणून मी फक्त तुला सांगतो. आजी म्हणाली, तू अगदी तुझ्या बापासारखा आहेस. उद्या ती मला बाबांचं जुनं चांदीचं फुलपात्र दाखवणार आहे. आमेन." गंगाधरांचं आमेन त्या दिवशी ऐकूच आलं नाही.

मालन सकाळी धुण्याभांड्यांना यायची आणि मुलांना शाळेतून आणायची. तिचा नवरा परळच्या गिरणीत होता. ती या घरचं पाणी पीत नसे, पण मुलांना कडेवर घेई. शनिवारी सकाळी सुभद्रेनं तिला बादली खाली ठेवू दिली नाही. "मुलांना कुणाच्या मागच्या दारी नेतेस?" मालननं बादली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "माका काय इचारतास, बाय? धन्यांनी सांगितल्यानी, मी न्हेलंय. म्हातारी पाय मोडान बसली हा. पोरांक बघता नि रडता. तुमचां त्यात काय जातां?" "काय जातं ते मला कळतं. लपवून नेलंस ना?" "तुमका कोणी सांगल्यान? दावून?" "त्यानं देवाला सांगितलं," सुभद्रा म्हणाली. मालननं बादली खाली ठेवली. "आणि देवान तुमका सांगितल्यान?" तिनं हे उर्मटपणे विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं, आणि म्हणूनच सुभद्रेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं मालनला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मालन गेली. दारात दावू उभा होता, हातात दप्तर. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे. तो रडला नाही. "मालन उद्या येणार?" त्यानं विचारलं. "नाही," सुभद्रा म्हणाली. "मी देवाला सांगितलं म्हणून?" "चल, शाळेला उशीर होतो."

गंगाधर अजून घरातच होते, कोटाची बटणं लावत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आईनं निरोप पाठवला होता," ते बटणांकडं बघत म्हणाले. "मुलं एकदा दाखव म्हणून. मला त्या दारात पाऊल टाकता येत नाही. मुलांना कुणी अडवलं नाही." "मला का नाही सांगितलंत?" "तू नको म्हणाली असतीस." हे खरं होतं, म्हणून ती अधिकच चिडली. "त्यांना दावू हवाय. अप्पांना. पाणी द्यायला." गंगाधरांनी मान वर केली. "अगं, त्यांनी माझा घडा लवंडलाय. माझ्या पोराच्या हातचं पाणी अप्पा घेतील?" "प्रायश्चित्त दिलं की सगळं चालतं." "कुणाला प्रायश्चित्त?" "तुम्हाला," ती म्हणाली. इतक्या दिवसांची गोष्ट तोंडातून गेली. गंगाधर तिच्याकडं बघत राहिले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते दमल्यासारखे दिसले आणि टोपी घेऊन निघून गेले. नाही असं ते म्हणाले नव्हते. जिन्यावरची त्यांची पावलं थांबेपर्यंत ती तेवढंच धरून बसली, की नाही असं ते म्हणाले नव्हते.

शनिवारची शाळा लवकर सुटे. मुलांना आणायला ती स्वतः गेली. आणि घरी न आणता म्हणाली, "चला, आजीकडं जा. नेहमीसारखं जा. मी इथं थांबते." शांती जागची हलली नाही. "तू का थांबतेस?" तिनं विचारलं. "जा म्हटलं ना." वाडीच्या मागच्या गल्लीत विहिरीचा कठडा होता, पलीकडं परसाची पडकी भिंत. सोनापुराच्या स्मशानाकडून धुराचा वास येत होता. तो या बाजूला बाराही महिने येई. सुभद्रा भिंतीआड उभी राहिली. तेच दार. रंग उडालेला, उंबरा झिजलेला, आणि पायरीवर एक म्हातारी, एक पाय पुढं पसरून. सासूबाई इतक्या लहान कधी झाल्या? मुलं हातभर अंतरावर उभी राहिली. त्यांना ते अंतर अचूक माहीत होतं. म्हातारीनं डबा उघडला, वरून एकेक वडी सोडली, मुलांनी झेलली. आता, सुभद्रेनं मनाशी म्हटलं. आता काहीतरी म्हणायला सांगेल, हात जोडायला लावेल, अंगारा लावेल. "बरं, आता म्हण," म्हातारी म्हणाली. सुभद्रेनं भिंतीची वीट घट्ट धरली.

दावूनं वडी शांतीकडं दिली. तो ताठ उभा राहिला, हात पाठीमागं बांधले आणि घसा खाकरला, अगदी गंगाधर खाकरतात तसा. मग तो बापाच्या हेलात बोलू लागला. "हे कृपाळू परमेश्वरा, दिवसभर तू आम्हांस सांभाळलेस..." तीच संथ चाल, 'परमेश्वरा'वर तेच रेंगाळणं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेणं. रोगी आले, दुःखी आले, प्रवासी आले. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत नव्हते, हात जोडलेले नव्हते. शब्दांकडं तिचं लक्ष नसावं. वृद्ध जनांपाशी दावू अडखळला तेव्हा ती म्हणाली, "थांबू नको रे, म्हण." सुभद्रा भिंतीआडून केव्हा बाहेर आली ते तिचं तिला कळलं नाही. शांतीनं तिला पाहिलं आणि भावाचा सदरा ओढला. दावू थांबला. म्हातारीनं डोळे उघडले.

"सुभद्रे," त्या म्हणाल्या, जणू ती आताच विहिरीवरून आली. "आडोशाला कशाला उभी होतीस?"

"मुलाला काय शिकवता तुम्ही?"

"मी काय शिकवणार? तो घसा खाकरतो ना, तो हेल माझ्या गंगाचा. लहानपणापासूनचा." त्यांनी पाय जरा सावरला. "कान भरून ऐकते झालं."

"परत तुमच्यात न्यायचंय ना तुमच्या मुलाला?"

"न्यायला तो आमच्यात आहे कुठं? मी स्वतः त्याच्या नावानं आंघोळ केलीय, बाई." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "तू अंगानं सुकलीस." एवढंच. वडी तिलाही देऊ केली, वरून, आणि सुभद्रेच्या हातांनी आपण होऊन ओंजळ केली.

घरी येताना ती विचार करत होती की हे सगळं खरं असेल. म्हातारीला आपल्या मुलाचा आवाज हवा आहे आणि दुसरं काही नको, इतकं साधं असेल. आणि मग लगेच, नसेलही. फुलपात्र दाखवायचं कशाला ठेवलंय? पण हा दुसरा विचार तिनं सवयीनं केला, त्यात जोर नव्हता. तिला लाज वाटत होती. तिनं मनाशी ठरवलं, मालनला बोलवायचं, मुलांना जाऊ द्यायचं, यांना काहीतरी गोड करून घालायचं. दावू तिचा हात धरून चालत होता, पण नुसता धरून. एरवी तो वाटेत दिसेल त्याबद्दल विचारायचा, ट्रामच्या घोड्याला टोपी का घालतात म्हणून विचारायचा. आज घोडे गेले, त्यानं पाहिलंही नाही. "दावू, मी रागावले नाही," ती म्हणाली. तो "हं" म्हणाला.

दिवा लागला, चटई अंथरली. गंगाधरांनी उतारा वाचला. ते तिच्याशी दिवसभर बोलले नव्हते. "हं दावू," सुभद्रा म्हणाली, नेहमीपेक्षा मऊ आवाजात. दावूनं डोळे मिटले आणि शाळेत पाठ करून घेतलेली प्रार्थना सरळ म्हणून टाकली, एकही चूक न करता. "आमेन."

"आता आपल्या शब्दांत."

"नाहीत."

"काय नाहीत?"

"शब्द नाहीत."

"असं कसं? रोज असतात की. आजीचा पाय नाही का बरा व्हायचा?"

त्यानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं, मग बापाकडं, मग बहिणीकडं. "आई," तो म्हणाला, "तू बाहेर जा. मग सांगतो." तो रुसून म्हणाला नव्हता. समोर बोकड बांधलेला असताना मालननं खाटकाच्या बाजाराच्या गोष्टी बोलू नयेत, तशी ही एक साधी सोय होती. गंगाधरांनी डोळे मिटूनच ठेवले. सुभद्रा उठली. तिला वाटलं, कुणीतरी म्हणेल, बस, राहू दे. कुणी म्हणालं नाही.

ती गॅलरीत आली आणि मागं दार लोटून घेतलं. खाली नारळांच्या माथ्यावर अजून थोडा उजेड होता, कुणीतरी परसात धुणं आपटत होतं. तिला रडू आलं. या मुलांनी देवाशी मोकळं बोलावं एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात आपल्या बुद्धीनं मागितली होती, आणि तो बोलणार होता, फक्त ती नसताना. गॅलरीच्या टोकाला जाऊन उभं राहावं असं तिनं ठरवलं. तिथं काही ऐकू येत नाही. आत दावूचा आवाज सुरू झाला, बारीक, घाईघाईचा. त्यात 'आई' हा शब्द आला. पुढचं कळलं नाही. ती जायला वळली होती. पाय दाराशीच राहिले, आणि मान आपोआप फळीकडं कलली.

आवाज थांबला. लहान पावलं दाराकडं आली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून शांतीनं आईकडं पाहिलं. तिनं दार हळूच लावलं आणि आतून कडी घातली.